दार लावू नका

मोतुआरे बेट, १२ जानेवारी

प्रिय इमोजेन,

किया ओराना. तुझा जर्दाळूचा जॅम पोचला. अर्धा पाद्रीबाबांनीच संपवला, तेव्हा आभार त्यांच्याकडून घे.

काम आहे म्हणून लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणशील, नणंदेला गरज लागली की भावजय आठवते. आपला भोंगा वाजत नाही. तेआरिकीचा भोंगा.

जुनं यंत्र खाऱ्या हवेनं पार गंजलं होतं, म्हणून राजधानीतल्या कंपनीनं नवं पाठवलं. त्यांचा माणूस बोटीनं आला, तेआरिकीनं लिहिलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा नव्या यंत्रात घातला, माझ्याकडे तीन ताटं मासे रिचवले आणि भरती चुकेल म्हणून जुनं यंत्र काखोटीला मारून पळाला. वाजवून बघायला थांबला नाही मेला. परवा शनिवारी मी नेहमीसारखी महिन्याची चाचणी घेतली. शाळेची सगळी पोरं अंगणात जमली होती. तुला ठाऊक आहे त्यांना ते किती आवडतं: आधी भोंगा, मग छपरावरून तेआरिकीचा आवाज, "चर्चमध्ये या. पाणी घ्या. म्हाताऱ्यांना आधी आणा." पोरं त्याच्या सुरात सूर मिळवून ओरडतात. परवा काहीच नाही. मी, त्यांची हेडमास्तरीणबाई, बटण दाबून आभाळाकडे बघत उभी.

ऐन वादळाचा मोसम आहे. हवामान खात्याचा इशारा इथं यंत्रापर्यंत येतो, पण यंत्रानं भोंगा वाजवला नाही तर खाडीपलीकडच्या घरांना कळणार कसं? कौन्सिलचे अध्यक्ष म्हणतात, महिनाअखेरच्या बैठकीपर्यंत दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर परदेशी कंपनीचं तयार यंत्र घेऊ. त्यात कुठलीशी बाई नाकातून इंग्रजी बोलते. मी म्हटलं, माझा भाऊ माझ्या अंगणात पुरलाय, त्याला तीन वर्षं झाली, पण त्याचा आवाज छपरावर आहे. तो उतरवलात तर माझ्याशी गाठ आहे.

तू या संगणकांच्या पोटातली माणूस. बघ काय ते.

तुझी पाएरु

----

होबार्ट, १४ जानेवारी

पाएरुताई,

घाबरू नकोस. मीठ असणार. छपरावर जाणारी तार आधी बघ. गेल्या खेपेला तारेच्या डबीत पालीनं संसार थाटला होता, आठवतंय ना? आणि पडद्यावर काही अक्षरं उमटली असतील तर मला जशीच्या तशी उतरवून पाठव.

इकडे वणव्याचा धूर आहे, डोळे चुरचुरतात, पण मी मात्र खुशीत आहे. चार वर्षांचं माझं भांडण मी जिंकले! तुला सांगते, मग कळेल तेआरिकी माझी एवढी टर का उडवायचा.

संगणकात कुठल्याही प्रोग्रॅमला काहीही हवं असलं, फाइल, तार, आवाज, तर त्याला आम्ही लिहितो त्या 'करावाँग' नावाच्या मूळ प्रोग्रॅमकडे अर्ज करावा लागतो, 'अमुक दार उघड' म्हणून. यंत्राचा सगळा कारभार करावाँगच्या हातात. त्या अर्जावर खाली काही रिकामे चौकोन आहेत, सरकारी फॉर्मवर 'फक्त कार्यालयासाठी' असे असतात ना, तसे. पुढेमागे लागतील म्हणून ठेवलेले. नियम असा की ते कोरे सोडायचे. पण आजवर ते कुणी तपासतच नव्हतं, त्यामुळे लोक त्यात वाट्टेल ते खरडून पाठवायचे आणि दार तरी उघडायचं. आता आम्हाला त्या चौकोनांना खरोखरच अर्थ द्यायचे आहेत, आणि देता येत नाहीत, कारण जुना कचरा कुठला आणि खरी मागणी कुठली, ओळखणार कसं? गेल्या वर्षी एका चौकोनाचा अर्थ ठरवला, 'ही फाइल कुलूपबंद कर'. एका दवाखान्याच्या जुन्या प्रोग्रॅमनं त्या चौकोनात सवयीनं कचरा टाकला आणि रुग्णांची कागदपत्रं दिवसभर कुलपात गेली. एका बाईला चुकीचं इंजेक्शन जाता जाता वाचलं.

म्हणून माझा नियम: चौकोनात कचरा दिसला की अर्ज परत. एका चिलीच्या कोळ्यानं लिहिलं, माझा जाळ्यांचा प्रोग्रॅम बंद पडला. मी कळवलं, चूक तुमची, दुरुस्ती तुम्ही करा. कठोर वाटेल, पण नाहीतर कारभारात कायमचा गोंधळ. मुख्य म्हणजे लोर्कननं, आमच्या प्रमुखानं, हो म्हटलं. येत्या पंचवीसला, रविवारी, नवी आवृत्ती पक्की होईल. कंपन्यांकडे कच्ची प्रत आधीच गेली आहे.

तार बघ आणि कळव.

इमोजेन

----

मोतुआरे, १६ जानेवारी

इमोजेन,

तार बघितली. पाल नाही, मीठ नाही. शेजारच्या पापा मानुआला छपरावर चढवलं, त्यानं बॅटरी थेट भोंग्याला लावली तर असा ठणाणा केला की कोंबड्या खाडीत पडल्या. म्हणजे भोंगा धडधाकट आहे. यंत्रच त्याला सांगत नाही.

पडद्यावर हे आहे, जसंच्या तसं: "भोंगा-दार: अमान्य विनंती. अर्ज परत." आणि मग प्रोग्रॅम बंद. दर वेळी हेच.

रेडिओ म्हणतो, उत्तरेला हवेचा दाब कमी होतोय. म्हातारी पोको आजी रोज विचारते, तुझा भाऊ बोलायचा का थांबला? काय सांगू तिला?

पाएरु

----

होबार्ट, १८ जानेवारी

पाएरुताई,

सोबत एक फाइल जोडली आहे. तेआरिकीच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ चुकली होती, ती दुरुस्त केली आहे. जुना प्रोग्रॅम काढून हा घाल, कसं ते खाली एकेक पायरी लिहिलं आहे. आवाज तोच राहील. घातल्यावर लगेच चाचणी घे. तुमच्याकडे अजून शनिवारच आहे, उद्या रविवारी तू बटणाला हात लावणार नाहीस, म्हणून आजच कर.

इमोजेन

----

मोतुआरे, १९ जानेवारी

इमोजेन,

फाइल घातलेली नाही. घालणारही नाही, जोवर तू नीट बोलत नाहीस.

पोरी, मी तुला लग्नाआधीपासून ओळखते. तुझी पत्रं म्हणजे पुराण असतं. हे चार ओळींचं कसलं पत्र? काहीतरी गिळून बसली आहेस.

आणि काय गं, ओळ चुकली? नऊ वर्षं वाजला तो भोंगा. दोन वादळं काढली त्यानं. माझ्या शाळेत एखाद्या पोराचं उत्तर नऊ वर्षं बरोबर येत असेल आणि अचानक चुकायला लागलं, तर मी आधी विचारीन, प्रश्न कुणी बदलला? तेआरिकी गेला, त्याला उलट उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्या नावावर खापर फोडू नकोस. माझ्या अंगणात तर नाहीच नाही. तुझं पत्र मी त्याच्या थडग्यावर बसून वाचलं आणि मला लाज वाटली, तुझ्या वतीनं.

सरळ सांग. काय बदललं?

पाएरु

----

होबार्ट, २१ जानेवारी

ताई,

सरळ सांगते. मी बदललं.

ते 'अर्ज परत' म्हणजे माझाच नियम. कंपनीनं तुमच्या यंत्रात कच्ची प्रत घातली. तेआरिकीचा प्रोग्रॅम भोंग्याचं दार उघडायला अर्ज करतो तेव्हा जुनाच वापरलेला कागद न पुसता पुन्हा घेतो, त्यामुळे चौकोनांत आधीचा कचरा तसाच जातो. करावाँग पूर्वी तिकडे बघत नव्हता, आता बघतो. तुझं सोळा तारखेचं पत्र वाचलं त्या क्षणी मला कळलं, आणि मी दोन दिवस सगळं घर पुसत बसले. पुसण्यासारखं काही नव्हतं.

मी त्याला शंभरदा सांगितलं होतं, कागद पुसून घे! तो म्हणायचा, "बाईसाहेब, दार उघडतंय ना? मग!" मला इतका राग आलाय त्याचा. मेलेल्या माणसावर ओरडताही येत नाही नीट. चूक त्याची आहे, ताई. पण भोंगा माझ्यामुळे थांबला, हेही तितकंच खरं आहे, आणि ही दोन वाक्यं मला एका पत्रात लिहिता येईनात, म्हणून मी एकच लिहिलं.

नियम चुकीचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्या दवाखान्यातली बाई मी विसरू शकत नाही. तेव्हा मी एवढंच करू शकते: तेआरिकीचा प्रोग्रॅम सुधारून देणं. तो दिला आहे. हात जोडते, घाल. माझ्यावर चिडायला पुढचा सगळा जन्म आहे.

इमोजेन

----

मोतुआरे, २२ जानेवारी

इमोजेन,

घातला. वाजला. तेआरिकी बोलला. पोको आजीनं खिडकीतून ओरडून उत्तर दिलं, "येते रे, येते!" आणि निघालीसुद्धा, पाण्याची बाटली घेऊन. अर्ध्या वाटेवरून परत आणली.

चिडले आहे, पण ते नंतर. आधी हे वाच आणि बसून वाच.

आपला भोंगा झाला, बाकीच्यांचं काय? तेआरिकी वाटत सुटणारा माणूस. होड्यांच्या शर्यतींना दरवर्षी उत्तरेकडची बेटं इथं येतात, आणि हा प्रत्येकाच्या हातात त्याचा प्रोग्रॅम कोंबायचा, आवाजासकट. "तुमच्याकडे बोलणारा कुणी नसेल तर माझाच आवाज ठेवा," म्हणायचा. कुणाकुणाला दिला, देव जाणे. त्या लोकांनी पुढे कुणाला दिला, ते देवालाही विचारावं लागेल. मी आज सकाळपासून रेडिओवर ओरडतेय. दोन बेटं सापडली. बाकीच्या ठिकाणी यंत्र म्हणजे शाळेच्या कपाटातली पेटी, ती कोण बघतो? भोंगा वाजतो तोवर कुणी विचारत नाही, तो का वाजतो.

आणि त्याच कंपनीची नवी यंत्रं घेऊन बोट आज सकाळी उत्तरेला सुटली. मी कंपनीला फोन लावला. तो मासेखाऊ म्हणाला, काळजी नको, पेट्या उघडून जोडल्या की आपोआप पक्की आवृत्ती उतरवून घेतात. म्हणजे तुझी रविवारची. म्हणजे तुझा नियम.

वादळाला नाव ठेवलंय, हेट्टी. ऐकून वाटतं केक घेऊन येईल. उत्तरेच्याच बेटांवरून जाणार म्हणतात.

तू चिलीच्या त्या कोळ्याला लिहिलंस, दुरुस्ती तुम्ही करा. इथं करायची कुणी? ज्यानं लिहिलं तो माझ्या अंगणात झोपलाय.

पाएरु

----

होबार्ट, २६ जानेवारी

ताई,

झालं ते सांगते.

आमच्याकडे सगळी भांडणं चव्हाट्यावर होतात. कुठलाही बदल हवा तर सगळ्यांच्या ईमेल-यादीवर पत्र टाकायचं, जगभरातले हजारो लोक वाचतात, आणि ते कायमचं राहतं. शुक्रवारी मी लिहिलं: माझा नियम मागे घ्या, त्यानं एका बेटाचा वादळाचा भोंगा बंद पाडला. जुनं दार होतं तसंच ठेवा, चौकोनांत काहीही असलं तरी उघडू दे. शेजारी नवं दार बसवू, नव्या नावाचं, तिथं कचरा दिसला की अर्ज परत. ज्यांना कडक कारभार हवा, नवे अर्थ हवेत, ते त्या दारानं येतील. दवाखान्यांनी तिकडूनच यावं.

लोक तुटून पडले. चार वर्षं मीच त्यांना गप्प केलं होतं, आता माझीच वाक्यं काढून माझ्या तोंडावर मारत होते. एकानं लिहिलं, "आमचे प्रोग्रॅम मोडले तेव्हा बाईंना तत्त्व आठवलं, आता ओळखीतल्या कुणाचा मोडलेला दिसतो, तेव्हा दया आठवली." खरंच होतं ते.

शनिवारी लोर्कननं फोन केला. डुनेडिनहून. तो कधी फोन करत नाही.

म्हणाला, "तो कोळी परवा पुन्हा लिहून गेलाय, वाचलंस? त्याला काय सांगू?"

"सांग, तुझं बरोबर होतं. मीच लिहिते त्याला."

"दोन दारं म्हणजे दुप्पट डागडुजी, इमोजेन. जुन्या दारातला प्रत्येक कचरा पुढची वीस वर्षं कुणीतरी सांभाळायचा. कोण सांभाळणार?"

"मी."

"तुला कंटाळा येईल."

"आला तरी सांभाळीन."

मग लोर्कन म्हणाला, "तो प्रोग्रॅम कुणाचा, ते तू पत्रात लिहिलं नाहीस. लोक विचारतायत. लपवलंस असं वाटलं तर कुणी मत देणार नाही."

मला ते लिहायचं नव्हतं, ताई. त्याची चूक मी जगासमोर मांडायची, त्याच्या बायकोनं? पण रविवारी सकाळी लिहिलं. तेआरिकीचं नाव, त्याचा न पुसलेला कागद, त्याची वाटण्याची सवय, हेट्टी, आणि ती बोट. आणि हेही, की तो प्रोग्रॅम चुकीचा आहे, मला तो चुकीचा आहे हे ठाऊक आहे, आणि तरीही तो मोडायचा हक्क मला नाही, कारण माणसं त्याच्या भरवशावर झोपतात.

संध्याकाळी लोर्कनची एक ओळ आली: "नियम मागे. दोन दारं. जुनं दार इमोजेनच्या नावावर." आणि आवृत्ती पक्की झाली.

आता बोट आधी पोचते की हेट्टी, आणि पेट्या जोडणाऱ्याला इंटरनेट मिळतं की नाही, हे माझ्या हातात नाही. तू रेडिओवर राहा. मला दोन शब्द तरी कळव.

इमोजेन

----

होबार्ट, ३ फेब्रुवारी

ताई, तुझं काहीच नाही. इथल्या बातम्यांत तुमचं नावही घेत नाहीत, एका नकाशावर पांढरा भोवरा दाखवतात आणि क्रिकेटकडे वळतात. जिवंत असाल तर कळवा. तू नाही तर कुणीही.

इमोजेन

----

मोतुआरे, ९ फेब्रुवारी

पोरी,

आहोत. सगळे आहोत. तारा आजच जोडल्या गेल्या. शाळेचं अर्धं छप्पर खाडीत आहे, केळी झोपली, पाद्रीबाबांचं डुक्कर सापडलं ते दुसऱ्याच्या घरात. पण माणूस एकही गेला नाही. भोंगा वाजला तेव्हा मी स्वतः चर्चच्या दारात उभी होते. तुझा नवरा छपरावरून ओरडत होता आणि बेट चालत येत होतं, म्हातारी आधी.

उत्तरेचं आता ऐक. काल बोट परत आली, तिच्यावर तौकुरा बेटाचा शिक्षक होता. मला ते बेट माहीत नव्हतं, तिथं तेआरिकी कधी गेलाही नव्हता. त्यांना प्रोग्रॅम कुणी दिला विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे तो आधीपासूनच आहे. नवी पेटी त्यांनी वादळाच्या आदल्या दुपारी जोडली, तिनं तुझी रविवारची आवृत्ती उतरवून घेतली. चाचणी वगैरे कुणी घेतली नाही. आणि इशारा आला तेव्हा वाजली. जुनाच प्रोग्रॅम, तेआरिकीचा, न पुसलेल्या कागदासकट. लाट गावावरून गेली, इमोजेन. गाव रिकामं होतं.

शिक्षक म्हणाला, चर्च भरलं, वारा वाढला, तसे दोघं-तिघं दार लावायला उठले. एक आंधळी म्हातारी दाराजवळ बसली होती, तिनं दाराला पाठ लावली. म्हणाली, "लावू नका. तो हाका मारणारा अजून आत आला नाही. बाहेर एकटाच ओरडतोय बिचारा." कितीही सांगितलं तरी ऐकेना. शेवटी भोंगा बंद पडला, आवाज थांबला, तेव्हा ती बाजूला झाली. म्हणाली, "आला असेल आता."

मी हे काल थडग्यावर बसून त्याला सांगितलं. मग रडले. तूही रड, आपल्याला परवानगी आहे.

चिडणं संपलं. पुन्हा कधी चार ओळींचं पत्र लिहिलंस तर बघ.

तुझी पाएरु

----

होबार्ट, ११ फेब्रुवारी

पाएरुताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग लोर्कनला वाचून दाखवलं, फोनवरून. तो म्हणाला, जरा थांब, आणि फोन ठेवून दिला.

आमच्याकडे एक रीत आहे. कारभाराच्या लिखाणात कुठे काही विचित्र ठेवावं लागलं, तर त्याच्या डोक्यावर पुढच्या माणसासाठी एक टीप लिहायची, म्हणजे कुणी हुशार पोरगं येऊन ते साफ करून टाकणार नाही. माझ्यासारखं पोरगं. जुन्या दारावर मी कोरडी टीप लिहिली होती, 'जुन्या प्रोग्रॅमांसाठी चौकोन तपासू नये.' काल ती खोडली आणि ही लिहिली:

"इथे चौकोनांत काहीही आलं तरी उघडायचं. हे चुकीचं दिसतं, ठाऊक आहे. दार लावू नका. कुणीतरी अजून बाहेर हाका मारतंय."

दोघा-तिघांनी विचारलं, याचा अर्थ काय. मी म्हटलं, अर्थ नंतर सांगते, आधी हात लावू नका. चिलीच्या कोळ्याचं उत्तर आलं, त्याची जाळी चालू झाली, त्यानं मला एका प्रचंड माशाचा फोटो पाठवलाय.

येत्या शनिवारी तुझी चाचणी आहे ना? बटण दाबशील तेव्हा मला फोन लाव आणि तो खिडकीत धर. तीन वर्षं मी त्याचा आवाज ऐकायचा टाळला. घरातल्या सगळ्या फिती कपाटात बंद केल्या आहेत. शनिवारी ऐकेन म्हणते. पोरांना म्हणावं, जरा हळू ओरडा, मला तो नीट ऐकू दे.

तुझी इमोजेन